मुठीतलं मीठ चिमटीत आणणारी आत्या

आम्हाला केबिनमध्ये फोन न्यायची परवानगी नाही. कच्छकडच्या एका बंदरात मी क्रेन चालवतो. जमिनीपासून केबिनपर्यंतचा जिना चढायला नऊ मिनिटं लागतात, आणि सकाळी वर गेलेला माणूस जेवणाच्या सुट्टीलाच खाली येतो. त्या बुधवारी दुपारी खाली आलो, लॉकर उघडला, तर रामदासचे अकरा मिस कॉल. रामदास म्हणजे माझा आत्येभाऊ, डिंगोऱ्याला असतो. त्याचा एक मिस कॉल असला तर टोमॅटोच्या बाजाराची बातमी असते. अकरा म्हणजे काय, ते फोन लावायच्या आधीच कळलं होतं. तो म्हणाला, "दत्ता, आई गेली रे." आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा, "बीपी किती व्हतं?"

शेजारी उभा असलेला माझा जोडीदार माझ्याकडे बघतच राहिला. रामदासला मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. तो म्हणाला, "काल दवाखान्यातनं सोडताना बघितलं व्हतं. एकशे चोवीस, अठ्ठ्याहत्तर. डॉक्टर म्हणले फुफ्फुसं दमली, वय झालं." मी म्हणालो, "म्हंजे जिकली." तो म्हणाला, "जिकली."

याला आता सव्वा महिना झाला. मी शाळा आठवीत सोडली, त्यामुळे असलं काही लिहायची सवय नाही, आणि लिहिताना सारखी काळजी वाटते की काहीतरी राहून जाईल. पण बबईआत्या कशी जिंकली ते घराबाहेरच्या माणसांनाही कळावं असं वाटतं. कारण ही लढाई पुष्कळ घरांत चालू असेल आणि घरातल्यांना तिचा पत्ताही नसेल. आमच्या घरात तसंच झालं होतं.

माझं घर राजुरीचं. आई मी लहान असतानाच गेली. वडील अंगापिंडानं दणकट, पन्नाशी पण गाठलेली नव्हती. टोमॅटोच्या बांधणीचे दिवस होते. सुतळीचा गुंडा हातात घेऊन ते बांधावर बसले, आणि उठताना डाव्या अंगानं उठलेच नाहीत. त्यांना बीपी आहे हे आम्हाला त्यांचं अर्धं अंग गेल्यावर कळलं. त्याआधी कुणी कधी मोजलंच नव्हतं. कशाला मोजायचं, त्यांना काही होत नव्हतं ना... त्यांना कुशीवर वळवायला, भरवायला, धुवायला घरात मीच. शाळा सुटली ती तेव्हा. दोन वर्षांनी ते गेले आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आत्यानं माझी पिशवी भरली. वडिलांची ती थोरली बहीण, स्वतःही विधवा, पदरात रामदास. म्हणाली, "चल. रामदासला भांडायला कुणी नाय घरात." एवढंच. उपकाराची भाषा तिला येतच नव्हती. मी पंधरा वर्षांचा होतो आणि मनातल्या मनात रोज मोजायचो, की वडिलांसारखं आपलं कधी होणार.

डिंगोऱ्यात आत्याला सगळे आत्याच म्हणायचे, तिच्याहून म्हातारे पण. ती प्रसिद्ध होती ती मासवडीसाठी. ओल्या फडक्यावर बेसन थापून, त्यात तीळ, खोबरं, लसणाचं सारण भरून ती अशी वळायची की कापलेली प्रत्येक वडी दुसरीची बहीण दिसावी. पण मासवडीहून मोठा मान होता मिठाचा. गावच्या देवीच्या उत्सवाला आमटीच्या मोठाल्या कढया चढतात. देवीला नैवेद्य दाखवायच्या आधी ती आमटी कुणी चाखत नाही. मग मीठ बरोबर पडलंय का ते कळणार कसं? ते आत्याच्या हाताला कळायचं. कढईपुढे उभी राहायची, वाफेवर तोंड नेऊन एकदा वास घ्यायची आणि पाच मुठी टाकायची. कधी चुकली नाही. तिच्या आधी तिची सासू टाकायची. पंगतीत पहिला भुरका मारून म्हातारी माणसं मान हलवायची, तेव्हा चुलीपाशी उभी असलेली आत्या पदर सारखा करायची. तिला याहून जास्त काही नको असायचं.

ती साठीच्या आसपास आली आणि मी बाविशीचा असेन, तेव्हा गावच्या आरोग्य उपकेंद्रात नवीन सिस्टर आल्या. घोडेगावकडच्या होत्या, मोठ्या आवाजाच्या. मी आत्याला ओढून नेलं ते माझ्या भीतीपोटी. ती ओतूरहून पिशव्या घेऊन पायी आलेली, वर चहा प्यायलेली, आणि खुर्चीत बसल्याबरोबर हात पुढे केला. सिस्टर म्हणाल्या, "अशी घाई नाय चालत आत्या. पाठ टेकवा, दोन्ही पाय खाली टेकवा, हात टेबलावर. चहा पिऊन आलाय, तर अर्धा तास थांबा. मग पाच मिनटं गप बसायचं. एक शब्द नाय."

"बोलले म्हणून मशीन रुसतंय काय?"

"रुसतंय. आकडा वर चढतो."

आत्या पाच मिनिटं गप्प बसली. हे वाडीत कुणी पाहिलेलं नव्हतं. दारात चारपाच बायका जमल्या आणि शेजारची म्हातारी म्हणाली, "बोलत नाय, पन बसलीया सरळ. म्हंजे हाय जिवंत." आत्यानं डोळ्यांनीच तिला असं काही सुनावलं की ती दारातून मागे सरली.

आकडा आला एकशे अठ्ठ्याहत्तर आणि एकशे चार. सिस्टरांनी एका दिवसावर विश्वास ठेवला नाही, आणखी दोन दिवस बोलावलं. थोडा इकडेतिकडे, पण तोच. मग त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून जे सांगितलं ते मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे. "विहिरीवरची मोटार चालू झाली की पायपात जोर येतो ना, तो वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मधी काळीज दम घेतं, तव्हा पायपात उरतो तो खालचा. वरचा एकशेवीसच्या आसपास आन् खालचा ऐंशीच्या आत असला की झाक. एकशेचाळीस आन् नव्वदच्या वर राहायला लागला की पायपाला सोसत नाय. पाईप आतनं क्षार धरलेला, वरनं जोर जास्त. कुठं फुटंल ते सांगता येत नाय."

आत्यानं पट्ट्याचा हात पदराखाली घेतला. मग हळू म्हणाली, "आमच्या आप्पाचा डोक्यात फुटला." आप्पा म्हणजे माझे वडील. आणि लगेच, जणू त्यांच्यावरच रागावल्यासारखी, "म्या न्हाई फुटू द्यायची."

पण ठरवणं सोपं होतं, समजणं अवघड. जुन्नरच्या डॉक्टरांकडून रोजची गोळी सुरू झाली. सिस्टरांनी मीठ कमी करा म्हटल्यावर आत्या चिडलीच. "मी तर चाखतबी नाय. देवाच्या आधी कसं चाखू?" आयुष्यभर दुसऱ्यांच्या पानात मीठ टाकणाऱ्या बाईला आपल्या पोटात किती जातं हे ठाऊकच नव्हतं. सिस्टरांनी एकेक विचारून काढलं. भाकरीबरोबर खारातली मिरची. ताकात मीठ. पापड. ताटात डावीकडे वाढलेलं मीठ, तेही बोटानं टिपून संपवायची. "आन् उपासाला?" आत्या ताठ झाली, "उपासाला मीठ शिवत नाय मी. सैंधव." सिस्टर हसायला लागल्या. "सैंधव काय गूळ हाय का आत्या? दगडातलं आसू दे न्हायतर समुद्रातलं, अंगात गेलं की मीठच. आन् एकादशीला गोळी नका चुकवू. औषधानं उपास मोडत नाय." हे शेवटचं त्यांनी कसं ओळखलं कोण जाणे. आत्या खरंच गोळी चुकवणार होती, मला वाटेत म्हणालीही होती.

त्या वर्षी आमच्या घरात युद्ध झालं. आत्यानं ताटातलं मीठ बंद केलं, खाराची बरणी शेजारी देऊन टाकली. आमटीत चिंच वाढली, लसूण, कोथिंबीर, भाजलेलं जिरं वाढलं. रामदासनं पहिल्याच दिवशी वाटी सरकवली. "आई, ही आमटी हाय का आंघोळीचं पाणी?"

"आंघोळ झाली नसंल तर दोन्ही कर."

तो तीन दिवस रुसून मित्राकडे जेवला. चौथ्या दिवशी तिकडची आमटी खारट लागते म्हणून परत आला, पण कबूल नाही केलं. जीभ बदलायला पंधरा-वीस दिवस लागतात, हे आम्ही तेव्हा शिकलो. मिश्री सोडणं मात्र तिला मिठाहून जड गेलं. चाळीस वर्षांची सवय होती, तंबाखूच ती. दात घासायला कडुलिंबाची काडी घेतली, आणि चिडचिड इतकी की कोंबड्यांना पण शिव्या. दोनदा माघारी गेली. तिसऱ्या वेळी डबा माझ्या हातात देऊन म्हणाली, "दत्ता, ह्यो कुठं टाकलास ते मला सांगू नकोस." मी पाटाच्या पाण्यात टाकला. आज पहिल्यांदा सांगतोय.

आणि चालणं. सिस्टरांनी सांगितलं होतं, रोज अर्धा तास, न थांबता, जरा दम लागेल असं. आत्या म्हणाली, दिवसभर शेतात राबते की. त्या म्हणाल्या, वाकून खुरपणं वेगळं, सलग चालणं वेगळं. आता आमच्याकडे बाईमाणूस रिकाम्या हातानं रस्त्यानं चाललंय हे कुणाला सहन होत नाही. कळशी हवी, पाटी हवी, निदान डोक्यावर गवत तरी. पहिल्या दिवशी पाटाच्या कडेनं निघाली तर तिघींनी विचारलं, "आत्या, कुठं ओ?" उत्तर काय देणार. दुसऱ्या दिवसापासून तिनं हातात खुरपं घेतलं. वाटेत भेटेल त्याला खुरपं दाखवायची आणि न थांबता पुढे. महिनाभर ते खुरपं नुसतं फिरत होतं, जमिनीला लागलं नाही. मग एक दिवस शेजारची म्हातारी तिला म्हणाली, "आत्या, तुझ्या खुरप्याला गंज चढलाय." आत्या म्हणाली, "मंग तू पन चल, दोघी मिळून पाजळू." तेव्हापासून दोघी निघायच्या, खुरप्याशिवाय. दुसऱ्या वर्षी नऊ बाया होत्या.

पण खरी परीक्षा झाली ती उत्सवाची. स्वतःचा आकडा खाली यायला लागला होता, त्याचा उत्साह अंगात. तिनं त्या वर्षी देवीच्या कढईत पाचऐवजी चारच मुठी टाकल्या. पंगत बसली आणि पहिल्या भुरक्याला गलका, "मीठ आणा, मीठ." वाढपी परातीतून मीठ घेऊन धावले. तेव्हाचे उत्सवाचे कारभारी चुलीपाशी आले. मोठा आवाज न करता म्हणाले, "आत्या, हात गेला तुझा. पुढल्या वर्षी दुसऱ्या कुणाला सांगू, तू बस आता." सासूनं दिलेला मान चारशे माणसांच्या समोर गेला. घरी आली, पाटावर बसली, आणि रडली नाही... मीच रडवेला झालो होतो. मला वाटलं, आता ही सगळं सोडणार. मीठ, चालणं, गोळी, सगळं. वडील ज्या वाटेनं गेले त्याच वाटेनं ही जाणार.

सकाळी मला म्हणाली, "चूक माझी हाय. घरात रोज बोटबोट कमी केलं आन् देवीच्या दारात एकदम मूठ. जिभेला कळलं." पुढच्या वर्षी कारभाऱ्यांच्या घरी जाऊन तिनं शब्द दिला, की आमटी होती तशीच होईल. पाच मुठी टाकल्या, मोजून, त्यांच्या देखत. फक्त पाचवी मूठ जरा सैल होती. त्याच्या पुढल्या वर्षी आणखी सैल. ही गोष्ट तिला, मला आणि नंतर सुनेला, म्हणजे मंगलवहिनीला ठाऊक. "नैवेद्य चाखत नाय ते लई बरं हाय," एवढंच एकदा म्हणाली आणि पदरात हसली.

दीड वर्षात तिचा आकडा एकशे तीसच्या खाली आला. जुन्नरच्या डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. हे मुद्दाम लिहितो की डॉक्टरांनी केली, आत्यानं नाही. बरं वाटलं की लोक गोळी आपल्या मनानं सोडतात. आमच्या वाडीत एकानं सोडली आणि आत्या त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. "आकडा चांगला आला म्हणून गोळी सोडलीस? मोटार चांगली चालती म्हणून तेल काढून घेतोस का तिचं?" तो दुसऱ्या दिवशी जुन्नरला गेला.

मी तोवर घर सोडलं होतं. आधी वारूळवाडीला गॅरेजात, मग कुणाच्या ओळखीनं क्रेन शिकलो, आणि शेवटी इतक्या लांब या बंदरात. पहिल्या सुट्टीला आत्यासाठी हातावर पट्टा बांधायचं बॅटरीचं मशीन नेलं. तिनं ते खणात गुंडाळून तिच्या लाकडी खुर्चीशेजारी फळीवर ठेवलं. ती खुर्ची सुताराकडून खास बनवून घेतलेली, पाठ सरळ, हाताला आडवी फळी, छातीच्या उंचीला बरोबर. वाडीतलं कुणीही तिथं येऊन मोजून जायचं. नियम एकच, पाच मिनिटं गप्प. मंगलवहिनी सांगते, या खुर्चीत बसून दोन भाऊ बांधाचं भांडण विसरले, कारण दोघांची पाळी लागोपाठ होती आणि बोलायची बंदी.

आणि मग माझी पाळी आली. चौतिसाव्या वर्षी. उंचीवर काम करायला आम्हाला दरवर्षी पास लागतो, आणि पासला बीपी. डॉक्टरांनी पट्टा बांधला. एकशे साठ, शंभर. पुन्हा बांधला. तेवढाच. कागदावर त्यांनी काट मारली. "महिनाभर वर चढायचं नाही. खाणं सुधारा, चाला, महिन्यानं बघू. तेव्हाही असंच असेल तर गोळी सुरू करू." मी खाली गोदामात दोऱ्या मोजायच्या कामावर. क्रेनकडे मान वर करून बघायचं धाडस होईना. माझ्या डोळ्यांपुढे क्रेन नव्हतीच, वडिलांचा लुळा हात होता. संध्याकाळी फोन लावला.

"आत्या, माझंबी निघालं."

"किती?"

सांगितलं.

"रडतोस कशापायी? कळलं म्हणून? तुझ्या बापाला कळलं नाय म्हणून गेला त्यो. तुला कळलंय. निम्मं काम झालं, लेका."

मग तिनं माझं पान विचारलं, सिस्टरांनी तिचं विचारलं होतं तसंच. सकाळी चहाबरोबर गाठिया. दुपारी डब्यात लोणचं आणि पापड. संध्याकाळी फरसाण. "तू जेवतोस का मीठ चाटतोस?" ती म्हणाली. सगळं बंद. केळी, ताक बिनमिठाचं, डाळ आणि भाजी खोलीत स्वतः शिजवायची. धक्क्याच्या कडेनं रोज चालायचं. झोप पुरी. तंबाखूला हात लावलास तर तुझं तोंड बघणार नाय. आणि एक राहिलं. "मोजताना तू घाबरतोस. तुझा निम्मा आकडा भ्याचा हाय. उद्या सकाळी सहाला फोन लाव, आन् बोलू नकोस."

खरंच तसं झालं. सकाळी सहाला मी फोन लावला, तिनं उचलला, आणि दोघं पाच मिनिटं गप्प. मी इथं खाटेच्या कडेला भिंतीला पाठ टेकवून, ती तिकडं तिच्या खुर्चीत. तिच्या श्वासाचा आवाज, मागे कोंबड्या, मंगलवहिनीची भांडी. माझ्या खोलीतला बिहारचा जोडीदार म्हणाला, "भाई, फोन पे झगड़ा हुआ क्या?" त्याला कसं सांगू की हे माझं औषध आहे. पाच मिनिटांनी ती म्हणायची, "बांध पट्टा." मी आकडा सांगायचो. ती "हं" म्हणून फोन ठेवायची.

असे तीस दिवस. एकशे बावन्न. एकशे अठ्ठेचाळीस. एकदा पुन्हा एकशे छप्पन, तेव्हा तिनं फक्त विचारलं, "काल काय खाल्लंस?" कुणाच्या तरी वाढदिवसाचे पापड होते. मग एकशे चाळीस, मग त्याच्या आत. तिसाव्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत बसलो, त्यांनी पट्टा बांधायच्या आधी म्हणालो, "सर, पाँच मिनट चुप बैठने दीजिए." ते हसले, पण बसू दिलं. मी डोळे मिटले आणि कोंबड्या ऐकल्या. एकशे बत्तीस, चौऱ्याऐंशी. सही झाली. बाहेर येऊन फोन केला तर पलीकडे रामदास, मंगलवहिनी, चालायला जाणाऱ्या बाया, सगळ्या गोळा झालेल्या. आकडा सांगितल्यावर एवढा गलका झाला की आत्याला ओरडून त्यांना गप्प करावं लागलं. मग माझ्याशी एकच शब्द बोलली.

"चढ."

तेव्हापासून दर सोमवारी सहाचा फोन ठरला. नऊ वर्षं. पाच मिनिटं गप्प, आकडा, आणि शेवटी "चढ." एवढाच आमचा संवाद. माणसं तासतास बोलतात, पण इतकं कुणाजवळ बसलेलो मला आठवत नाही.

मी पोचेपर्यंत तिला नेलेलं होतं. तेराव्याला आमटीची कढई चढली, उत्सवातलीच, गावानं दिलेली. मंगलवहिनी कढईपुढे उभी. मला म्हणाली, "दत्ताभाऊ, मोजा तुमी." आत्याच्या नावाचा घास काढायच्या आधी कुणी चाखणार नव्हतं. तिनं वाफेवर तोंड नेलं, अगदी आत्यासारखं, आणि टाकल्या. एक, दोन, तीन. थांबली. एवढ्या वर्षांत पाचाच्या तीन झाल्या होत्या. पंगत बसली. ते जुने कारभारी काठी टेकत आलेले, त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. मी आणि मंगलवहिनी खांबाआड. त्यांनी भुरका मारला, डोळे मिटले, आणि मान हलवली. "मंगल, सासूचा हात उचललास बाई. चाळीस वर्सं हीच आमटी खातुय, तसूभर फरक नाय." शेजारच्या एका बाहेरगावच्या पाहुण्यानं मात्र वाढप्याला हाक मारली, जरा मीठ द्या म्हणून. आणि वाढायला कोण होता, तर रामदास, ज्यानं कधीकाळी वाटी सरकवली होती. तो म्हणाला, "पावणं, हाय तेवढं बास. लिंबू देतो." मंगलवहिनीनं तोंडाला पदर लावला. रडत होती का हसत होती, सांगता येणार नाही. मी तर दोन्ही करत होतो. अख्खं गाव बसलं होतं आणि आत्या जिंकल्याचं गावाला माहीतच नव्हतं.

इकडे परत आलो तर पासची तारीख दोन आठवड्यांवर. पहिल्या सोमवारी सहाला खाटेवर एकटाच बसलो. पाठ टेकवली, पाय टेकवले. पण ते गप्प राहणं तसं नव्हतं. कान काहीतरी शोधत होते. पट्टा बांधला, एकशे अठ्ठेचाळीस. तो आठवडा मी पुन्हा चौतीस वर्षांचा झालो, खरं तर तेरा वर्षांचा. आकडा असाच राहिला तर काट पडेल, आणि काट पडल्यावर "चढ" म्हणणारं कुणी नाही... दुसऱ्या सोमवारी सहाला दोन मिनिटं कमी असताना फोन वाजला. स्क्रीनवर नाव आलं, 'आत्या'. उचलला. कुणी बोललं नाही. मग कोंबड्या ऐकू आल्या, भांडं वाजलं, आणि त्या लाकडी खुर्चीची ती ओळखीची करकर, कुणीतरी पाठ टेकवल्याची. रामदासनं तिचाच फोन लावला होता आणि तिच्याच खुर्चीत बसला होता. तो माणूस, ज्याला शांत बसायचं म्हणजे शिक्षा. आम्ही पाच मिनिटं एक शब्द बोललो नाही.

"बांध पट्टा," तो म्हणाला.

"एकशे अठ्ठावीस, ऐंशी."

घसा साफ केल्याचा आवाज आला.

"चढ."